पुणे–मुंबई: आई-बाबांना घेऊन बीकेसीत साडेअकराला पोचायचंय, कोणती गाडी?

चिंचवडची_केतकी

जुलैतल्या एका मंगळवारी आम्हा तिघांना (मी, आई ६८, बाबा ७६) बीकेसीत सकाळी ११:३० ची वेळ मिळाली आहे. बायोमेट्रिकचं काम, म्हणजे उशीर चालणार नाही. राहतो चिंचवडला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मुक्काम नको, त्याच दिवशी परत यायचंय. काम दीड-दोनपर्यंत संपेल असं धरते.

यादीत सिंहगड, डेक्कन क्वीन, प्रगती आणि वंदे भारत एवढं दिसतंय. बाबांना डायनिंग कारमुळे डेक्कन क्वीनच हवी आहे. मला वंदे भारत सोयीची वाटते, दरवाजे आपोआप, पायऱ्यांची दगदग कमी. आईला गुडघ्याचा त्रास आहे, हळू पण चालते. पैशांपेक्षा वेळ आणि धावपळ महत्त्वाची. नेहमी जाणाऱ्यांनी सांगा.

---

अप_डाउन

केतकीताई, पहिल्यांदा वंदे भारत जातानाच्या यादीतून काढून टाका. ती सोलापूरहून येते, पुण्यातून सुटायलाच सव्वानऊ-साडेनऊ होतात आणि सीएसएमटीला साडेबारा उलटतात. तुमची वेळ तोवर निघून गेलेली असेल.

प्रगतीही नको. पुण्याहून ७:५० ला सुटते, सीएसएमटीला ११:२५. दादरला अकरा वाजून जातात. शिवाय ती कर्जतहून पनवेलमार्गे ठाण्याला येते, कल्याणला जातच नाही. पनवेल-नवी मुंबईचं काम असेल तर प्रगतीसारखी गाडी नाही, पण ११:३० ला बीकेसी म्हणजे जीव टांगणीला.

उरल्या दोन: सिंहगड आणि क्वीन. लोक इथे फक्त गाडीचा वेग बघतात आणि फसतात. पुणे स्टेशनपासून मोजलं तर सिंहगड ६:०५ ते ९:५५, म्हणजे पावणेचार तासांहून जास्त. क्वीन ७:१५ ते १०:२५, तीन तास दहा मिनिटं. क्वीन ४० मिनिटांनी वेगवान. पण तुम्ही पुणे स्टेशनवर राहत नाही. सिंहगड चिंचवडला थांबते, साडेसहाच्या आसपास. क्वीन चिंचवडला थांबत नाही. म्हणजे क्वीनसाठी तुम्हाला आधी उलट्या दिशेने पुण्याला जायचं आणि मग त्याच चिंचवडवरून धाडधाड पुढे निघून जायचं. पुणे स्टेशनला सातपर्यंत पोचायचं तर घर पावणेसहा-सहाला सोडावं लागेल. सिंहगडसाठी सव्वासहाला निघालात तरी चालतंय. झोप सिंहगडमध्येच जास्त मिळते आणि मुंबईत अर्धा तास आधी उतरता, ते वेगळंच.

पिंपरीहून पहाटेची पहिली मेट्रो पकडून सिव्हिल कोर्टला गाडी बदलून पुणे स्टेशन, हा मार्ग कागदावर जमतो. मेट्रो सहाला सुरू होते. पण सिव्हिल कोर्टला एक मार्गिका जमिनीखाली आणि दुसरी उंच पुलावर, मध्ये सरकते जिने आणि लिफ्ट. गुडघेदुखी असलेल्या बाईंना घेऊन सव्वासातची गाडी पकडायला हा मार्ग नको. क्वीन ठरलीच तर सरळ कॅब करा.

सिंहगडचे तोटेही ऐका. तळेगाव, लोणावळा करत जाते, त्यामुळे डब्यात चढउतार चालूच असते. पासवाल्यांची गाडी आहे, दारात गर्दी असते. आणि चिंचवडचा थांबा एक-दोन मिनिटांचा. तुमचा डबा इंजिनापासून कितवा हे आधीच बघून, प्लॅटफॉर्मवर त्या जागी उभं राहिलं पाहिजे. तिकिटावर सी म्हणजे चेअर कार, डी म्हणजे सेकंड सीटिंग. सी१ आला आणि तुम्ही डी७ समोर उभे असाल तर आईंना धावायला लावू नका, जवळच्या दारातून चढा आणि आतून सरका.

परतीचं वेगळं लिहितो, ते गणित उलटं आहे.

---

घाटातला_बँकर

वंदे भारत म्हणजे वेगवान हा समज या मार्गावर कामाचा नाही, म्हणून थोडं सविस्तर.

पुणे ते सीएसएमटी १९२ किलोमीटर. क्वीनची सरासरी निघते ताशी ६० च्या आसपास. वंदे भारतची? तेवढीच. तीन तास पाच ते पंधरा मिनिटं. गाडी १६० ने पळू शकते, पण इथे पळायला जागाच नाही. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटरचा बोर घाट आहे, चढ ३७ ला १: म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. रेल्वेच्या भाषेत हा फार तीव्र चढ. आणि कल्याणपासून पुढचे ५४ किलोमीटर लोकलच्या गर्दीतले, तिथे पुढे लोकल असेल तर तुमची गाडी कितीही भारी असली तरी मागे रांगते.

मुंबईहून वर येताना नेहमीच्या गाड्या कर्जतला थांबतात, तिथे मागून बँकर इंजिनं जोडतात आणि ती गाडीला ढकलत वर आणतात. वंदे भारतला बँकर लागत नाहीत, कारण तिच्या मोटरी एकाच इंजिनात नसून डब्याडब्यांखाली वाटलेल्या आहेत. तेवढा वेळ वाचतो, पण तो काही मिनिटंच.

खाली जाताना प्रश्न चढाचा नसतो, ब्रेकचा असतो. उतारावर सुटलेली गाडी थांबवणं चढवण्यापेक्षा अवघड. म्हणून घाटात मध्येच, आजूबाजूला स्टेशन-गाव काही नसताना, गाडी उभी राहिली तर घाबरू नका. ब्रेक तपासणीचा थांबा असतो. नवखे लोक तिथे उतरून फोटो काढायला जातात. बाबांना आधीच सांगून ठेवा.

व्हिस्टाडोमबद्दल कुणी विचारायच्या आत: डेक्कन एक्सप्रेसला तो जून २०२१ मध्ये लागला, क्वीनला त्याच वर्षी १५ ऑगस्टला, प्रगतीला जुलै २०२२ मध्ये. ४४ जागा, खुर्च्या फिरतात, छताला काच. तिकिटाच्या पानावर ईव्ही असा वर्ग दिसतो. भाडं साध्या चेअर कारच्या दुपटीहून वर जातं. डब्याच्या टोकाला मोठ्या काचेची बसायची जागा असते, तिचं फार कौतुक होतं. पण गाडीच्या एका टोकाला इंजिन असतं आणि वर येताना कर्जतपासून दुसऱ्या टोकाला बँकर. म्हणजे ऐन घाटात त्या काचेतून तुम्हाला इंजिनाचं नाक दिसू शकतं. बाजूच्या काचा मात्र पैसे वसूल करतात, जुलैत तर नक्कीच. धबधबे, धुकं, बोगद्यातून बाहेर आलं की एकदम हिरवं.

---

चिंचवडची_केतकी

अप_डाउन, बँकर, दोघांचेही आभार. उलट्या दिशेचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

आता अडचण: सिंहगडच्या चेअर कारला वेटिंग दाखवतंय, सेकंड सीटिंग उपलब्ध आहे. क्वीनच्या चेअर कारला जागा आहेत. वेटिंगचं काढून ठेवू का, होईल का कन्फर्म? आणि समजा काहीच नाही जमलं तर आदल्या दिवशी जनरलचं तिकीट काढून ठेवता येतं का?

---

तिकीटखिडकी

एकेक घेतो.

चेअर कारला आरएसी नावाचा प्रकार नसतो. बर्थ असेल तर दोघांना अर्धा-अर्धा देता येतो, खुर्चीचं तसं करता येत नाही. म्हणजे एक तर कन्फर्म, नाहीतर काही नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात (थोडे कापून), पण त्यावर गाडीत चढता येत नाही. चढलात तर विनातिकीट.

आणि चार्ट आता पूर्वीसारखा चार तास आधी लागत नाही. सकाळच्या गाड्यांचा पहिला चार्ट आदल्या रात्रीच लागतो. याचा तुम्हाला फायदाच आहे: सोमवारी रात्री झोपण्यापूर्वी कळेल की जागा मिळाली की नाही. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये खुल्या होतात, ते रात्रीच बघा.

वेटिंगच्या आकड्यापेक्षा त्याच्या पुढची अक्षरं बघा, वेटिंग कुठल्या कोट्यातलं आहे ते त्यावरून कळतं. सिंहगड पुण्याहूनच सुटते आणि चिंचवड तिच्या सुरुवातीच्या टप्प्यात आहे, पण चिंचवडवरून तिकीट काढलं आणि पुण्यावरून काढलं तर उपलब्धता कधी कधी वेगळी दिसते. पुणे–सीएसएमटी टाकून बघा आणि 'बोर्डिंग पॉइंट' चिंचवड निवडा. भाड्यात फरक नगण्य. मात्र बोर्डिंग बदलायचं विसरून पुण्याचं तिकीट घेऊन चिंचवडला चढलात, तर तोवर टीसीने 'आले नाहीत' म्हणून जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते. आणि एकदा चिंचवड केलं की पुण्याहून चढायचा हक्क संपला, हेही लक्षात ठेवा.

वंदे भारतचं उदाहरण याच्या उलट. ती सोलापूरची गाडी. पुण्यातून चढणाऱ्यांचं वेटिंग वेगळ्या कोट्यातलं असतं आणि ते हलतं कमी. तिथे वेटिंग ५ म्हणजे क्वीनच्या वेटिंग ५ एवढं नाही.

तत्काळ: आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, एसी वर्गांचं सकाळी १० ला आणि सेकंड सीटिंगचं ११ ला उघडतं. बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट ही की सेकंड सीटिंगचा तत्काळ अधिभार १० ते १५ रुपयेच आहे. चेअर कारचा किमान १२५, कमाल २२५. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आयआरसीटीसी खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते सोमवारी दहाला करायला बसू नका. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य.

जनरल: नाही, आदल्या दिवशी मिळत नाही. अनारक्षित तिकीट आगाऊ काढायची सोय २०० किलोमीटरपासून पुढे आहे. पुणे–सीएसएमटी १९२, म्हणजे आठ किलोमीटरांनी हुकलं. १९९ पर्यंतचं तिकीट काढल्यापासून तीन तास किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत, जे नंतर असेल तोवर चालतं. सकाळी रेलवन ॲपवर किंवा खिडकीवर काढावं लागेल. तसंही ७६ वर्षांच्या माणसाला सकाळच्या जनरलमध्ये घालू नका. आणि पासवाल्यांचे डबे वेगळे राखीव असतात. जनरलचं तिकीट घेऊन रिकामी जागा दिसली म्हणून तिथे बसलात तर दंडही आणि वादही.

माझं म्हणणं: सिंहगडचं सेकंड सीटिंग आत्ता कन्फर्म काढून टाका. तिघांची मिळून रक्कम क्वीनच्या एका चेअर कार तिकिटाएवढी होईल. ती ११ नंबरची, म्हणजे सुपरफास्ट नाही, त्यामुळे सेकंड सीटिंगचे १५ रुपये सुपरफास्ट अधिभारही वाचतात (१२ किंवा २२ ने सुरू होणाऱ्या गाड्यांना तो लागतो, चेअर कारला ४५). रद्द करायची वेळ आली तर मात्र माणशी किमान ६० कापतात, म्हणजे सेकंड सीटिंगचे निम्मे पैसे गेले. दोन-दोन गाड्यांची तिकिटं काढून ठेवायची सवय म्हणूनच महागात पडते.

ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. बाबांचं वय बरोबर टाका, पण भाडं कमी दिसत नाही म्हणून शोधत बसू नका.

---

मावळा_४११०३३

बाबा ७५ च्या वर आहेत ना? एसटीत राज्यभर मोफत. आई ६५ च्या वर, अर्धं तिकीट. तुम्हालाही महिला म्हणून अर्धं. शिवनेरी दादरला सोडते. तिघांचं मिळून एका पूर्ण तिकिटात काम.

---

अप_डाउन

मावळा, पैशांचा हिशोब बरोबर, पण ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये पैशांपेक्षा वेळ म्हटलंय. मंगळवारी सकाळी द्रुतगती मार्ग बरा असतो, प्रश्न वाशी खाडी ओलांडल्यापासून पुढचा. तिथे तासाचा अंदाज कुणीच देऊ शकत नाही. आणि बसमध्ये स्वच्छतागृह नाही, मधला एकच थांबा. ७६ वर्षांच्या माणसाला ही अडचण गाडीच्या वेळेपेक्षा मोठी असते. पर्याय म्हणून डोक्यात ठेवा: घाटात रेल्वे बंद पडली तर शिवनेरी आहेच.

आता परतीचं. जाताना उतरा दादरला, येताना चढा सीएसएमटीला. वेडगळ वाटेल, पण कारण आहे. दादरला गाडी दोन-चार मिनिटं थांबते, प्लॅटफॉर्मवर लोकलची गर्दी, डबा कुठे येईल याची खात्री नाही, त्यात चढायचं. उतरायला हे सोपं आहे, कारण लोंढा तुमच्या बरोबर असतो. चढायला सीएसएमटी: गाडी आधीच लागलेली असते, मेल-एक्सप्रेसचे प्लॅटफॉर्म ८ ते १८, निवांत शोधून बसा.

गाड्या अशा: वंदे भारत १६:०५, पुणे ७:१० च्या सुमाराला. प्रगती १६:२५, पुणे ७:५०. क्वीन १७:१०, पुणे ८:२५. सिंहगड १७:५०, चिंचवडला नऊनंतर. मिनिटं वेळापत्रक बदलताना इकडेतिकडे होतात, निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

दोनला मोकळे झालात तर इथे वंदे भारत घ्या. आता ती तुमच्या बाजूची आहे: मुंबईहूनच सुटते, म्हणजे उशिराने येण्याचा प्रश्न कमी, आणि संध्याकाळची लोकलची गर्दी सुरू व्हायच्या आत कल्याण ओलांडते. मंगळवार आहे म्हणून ठीक, बुधवारी ती मुंबईहून सुटत नाही. तिकीट काढताना 'जेवण नको' हा पर्याय असतो, तो निवडलात तरी भाडं क्वीनच्या चेअर कारच्या दीडपटीच्या आसपास राहतं. वेळ तेवढीच लागते, मग जास्तीचे पैसे कशाचे? सपाट चढायला-उतरायला, चांगल्या स्वच्छतागृहाचे आणि तासभर आधी घरी पोचण्याचे. तुमच्या केसमध्ये ते सार्थकी लागतील.

पण बाबांना क्वीन हवी असेल तर ती संध्याकाळीच घ्या. १९३० पासून धावतेय, आणि रोज डायनिंग कार घेऊन धावणारी भारतातली ही एकच गाडी. संध्याकाळी बसून चीज टोस्ट खायला वेळही असतो आणि मूडही, सकाळी लोक पेपरात डोकं घालून बसलेले असतात. डायनिंग कारमध्ये जागा मोजक्या. गाडी सुटली की लगेच जाऊन बसा, कर्जतनंतर गेलात तर वाट बघत उभं राहावं लागेल. एसी डब्यापासून चालत जायचं अंतर किती आहे ते आईंच्या दृष्टीने आधी बघा, चालत्या गाडीत दोन डब्यांमधून जाताना गुडघ्याला धक्के बसतात. क्वीन घेतली तर पुण्यापर्यंत न जाता शिवाजीनगरला उतरा, तिथून मेट्रोने सरळ पिंपरी, गाडी बदलायची भानगड नाही.

---

दादर_पूर्व

दादर ते बीकेसी यावर कुणी बोललंच नाही, आणि उशीर नेमका तिथेच होतो.

दादरला रिक्षा मिळत नाही. मुंबईत रिक्षा वांद्रे-शीवच्या अलीकडे शहरात येत नाहीत, बाहेरगावची मंडळी स्टेशनबाहेर पडून रिक्षा शोधत बसतात. टॅक्सी घ्यायची. पूर्वेला बाहेर पडा, माटुंगा-धारावीमार्गे बीकेसी. अंतर थोडं आहे, पण सकाळी दहाच्या सुमाराला अर्धा ते पाऊण तास धरा. जुलैत पाऊस कोसळत असेल तर अजून पंधरा मिनिटं.

लोकलने वांद्रे आणि तिथून शेअर रिक्षा हा नोकरदारांचा मार्ग. स्वस्त, पण वांद्रे पूर्वेला रिक्षाची रांग आणि साडेनऊला लोकलचा दरवाजा, तुमच्या आईंसाठी नाही. तसं करायचंच झालं तर लोकलचं तिकीट वेगळं काढा, सिंहगडचं तिकीट वांद्र्यापर्यंत चालत नाही.

भुयारी मेट्रो ३ मुळे हा प्रश्न खूप सुटलाय. दादर, शितलादेवी, धारावी, बीकेसी, तिसरंच स्टेशन. फक्त एक गोम: मेट्रोचं दादर हे रेल्वेच्या दादरला चिकटून नाही. पश्चिमेला उतरून फुलबाजारातून वाट काढत शिवसेना भवनाच्या बाजूला यावं लागतं, धट्ट्याकट्ट्या माणसाला बारा-पंधरा मिनिटं. सकाळी फुलबाजारातून ओला रस्ता, हातगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेले लोक. आईंना त्यात घालू नका.

उलट सीएसएमटीचं मेट्रो स्टेशन स्टेशनबाहेरच्या भुयारी मार्गाला जोडलेलं आहे. तिथून बीकेसी अर्ध्या तासाच्या आसपास, वर पाऊस असो की मोर्चा. म्हणजे सिंहगडने सीएसएमटीपर्यंत गेलात तर ९:५५ अधिक चालायला पंधरा मिनिटं, अधिक मेट्रो अर्धा तास: पावणेअकरा. दादरला साडेनऊ-पावणेदहाला उतरून टॅक्सीने गेलात तर साधारण सव्वादहा ते साडेदहा. पाऊस नसेल तर दादर-टॅक्सी. मुसळधार असेल तर गाडीतून उतरूच नका, सीएसएमटीला जाऊन मेट्रो पकडा. तिकीट सीएसएमटीपर्यंतचं काढा, दादरला आधी उतरायला बंदी नाही. त्यामुळे हा निर्णय ठाण्यानंतर खिडकीबाहेर बघून घेता येतो.

क्वीनने हाच हिशोब केला तर सीएसएमटी १०:२५, बीकेसी सव्वाअकरा. गाडी वीस मिनिटं लेट झाली की संपलं.

मेट्रोचं तिकीट वर असतानाच मोबाइलवर काढून ठेवा, खाली नेटवर्कचा भरवसा धरू नका. परतीला हाच मार्ग उलटा: बीकेसीहून मेट्रो, सीएसएमटीला भुयारातून वर, समोर स्टेशन. वंदे भारतसाठी अडीच-पावणेतीनला निघालात तरी हातात वेळ राहतो.

---

पावसाळी

सगळ्यांनी छान सांगितलंय, फक्त महिना कुणी मनावर घेतला नाही. जुलै.

घाटात दरड, रुळांवर माती, कल्याणच्या पुढे पाणी, यातलं एक जरी झालं तरी कागदावरच्या वेळा संपल्या. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल–नागनाथ भागात मार्गाचं एवढं नुकसान झालं की पाऊस संपल्यावरही दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने ब्लॉक घेतले गेले. त्या काळात प्रगती रद्द होत होती. पुणे–मुंबई गाड्यांवरच आधी कुऱ्हाड येते, कारण लांब पल्ल्याची गाडी मार्ग वळवून नेता येते, १९२ किलोमीटरच्या गाडीचं काय वळवणार.

म्हणून सोमवारी रात्री आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारी रेल्वेची सेवा) गाडी नंबर टाकून बघा. 'रद्द' आणि 'अंशतः रद्द' यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारात गाडी पुण्यातून सुटलेली दिसते आणि कर्जत किंवा कल्याणलाच संपते. 'कुठपर्यंत' हा रकाना वाचा. परतीच्या गाड्या सकाळी कुठे आहेत तेही बघा: दुपारची वंदे भारत म्हणजे सकाळी सोलापूरहून आलेलाच रेक, तेच डबे. ती सकाळी दोन तास लेट असेल तर परतीची वेळेवर सुटेल कशी?

गाडी पूर्ण रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप येतात. तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही जाणार नसाल तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो, आणि तो गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत. लोक घरी जाऊन संध्याकाळी भरतात आणि नाकारला जातो.

सेकंड सीटिंगमध्ये खिडकीशी आईंना बसवू नका. जुलैत घाटात खिडकी बंद केली तर गुदमरतं, उघडी ठेवली तर मांडी भिजते. मधली जागा बरी. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी वरच्या फळीवर नाही, मांडीवर.

---

चिंचवडची_केतकी

काढली तिकिटं. जाताना सिंहगड, सेकंड सीटिंग, तिघांची कन्फर्म, सीएसएमटीपर्यंत. येताना क्वीन, चेअर कार, सीएसएमटीहून. वंदे भारतसाठी बाबांना पटवलं नाही, 'टोस्ट कुठंय तिच्यात' म्हणाले. बीकेसीहून तीनच्या मेट्रोने निघून सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात बसू.

बोर्डिंग चिंचवड केलंय. एक शेवटचं: क्वीनचं तिकीट पुण्यापर्यंतचं आहे, शिवाजीनगरला उतरायचं तर काही बदलावं लागेल का?

---

तिकीटखिडकी

नाही. आधी उतरायला काही करावं लागत नाही. फक्त लोणावळा सुटलं की सामान खाली घेऊन ठेवा, शिवाजीनगरचा थांबाही चिंचवडसारखाच एक-दोन मिनिटांचा. आणि टोस्टची ऑर्डर ठाण्याच्या आत.